आबांसाठी सबंध मांडी

सोमवार, ३ फेब्रुवारी १९३६

"नातवाचं तोंड बघीन, तवाच तुज्या घरचं पानी पिईन!" — मला सासरी धाडताना आबा म्हणाले होते. आमच्याकडे सगळेच बाप म्हणतात. पहिलं मूल झालं की माहेरची माणसं लेकीच्या घरी जेवायला मोकळी. मला मूल झालं नाही. आबा लोणावळ्याला आले तरी ओट्यावर बसून बोलायचे आणि पाणी स्टेशनच्या नळावर जाऊन प्यायचे.

आता मात्र माझ्याच घरात, माझ्याच खाटेवर आहेत! मोतीबिंदू काढला. डोळ्यांवर पट्टी, उताणं निजायचं. डॉक्टर घरी इंदुरीला जाऊ देत नाहीत. पण जेवण इंदुरीचंच! आई पहाटे उठून रांधते. आमच्या गावचा हौशीराम बंगल्यांवर भाजी घालायला तळेगावहून गाडीनं येतो, तो डबा आणतो. पाण्याची कळशीसुद्धा! वडील माझ्या घरात, आणि मी त्यांच्यापुढं गार डबा उघडून ठेवते.

मंगळवार, ४

डॉक्टर म्हणाले, "काही चावायचं नाही. जबड्याचा ताण डोळ्यावर येतो." तसेही दात चारच उरलेत. दुधात कुस्करलेल्या भाकरीचे दोन घास घेतले आणि तोंड फिरवलं. आईनं परवा मटण धाडलं होतं — वाटेत गोठून गेलेलं. नुसतं चोखून टाकलं. मटणाशिवाय आठवडा न काढलेला माणूस! मनगटं बघवत नाहीत.

ठरवलं. मी शिजवणार. जिभेनं मोडेल इतकं मऊ.

ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग डब्यात भरून दे. पट्टी आहे डोळ्यांवर, त्यांना काय कळतंय!" हे रेल्वेत गार्ड. गाडी पोचली म्हणजे झालं, असा स्वभाव. मी म्हटलं, नाही. माझं म्हणून खाल्लं पाहिजे. फसवून नको.

बुधवार, ५

बजरंग खाटकाकडून कोवळ्या मेंढ्याची मांडी आणली. "तुकडं न्हाई करायचं? सबंध मांडी तर बंगल्यातलं सायेब नेत्यात, ताई! भांडं तरी हाय का येवढं?"

भांडं होतं. लग्नातलं मोठं पातेलं. त्यात मावेल एवढं रांधायची वेळच कधी आली नव्हती.

शेजारच्या रतनबाई म्हणाल्या, कच्ची पपई चोळा, लोण्यासारखं होतं. मी अख्खी पपई वाटून थापली, दिवसभर ठेवली आणि संध्याकाळी भडक जाळावर चढवलं.

फसलं! बाहेरून खीर, आतून वहाण! ह्यांनी निमूटपणे खाल्लं. मग म्हणाले, "रस्सा बरा झालाय." मला हसूही आलं, रडूही.

शुक्रवार, ७

आज आबांनी काहीच खाल्लं नाही. फक्त पाणी. इंदुरीचं.

शनिवार, ८

पुन्हा मांडी आणली. बजरंग हसला — "सायेब आलाय का काय घरी?" म्हटलं, साहेबापेक्षा मोठा आहे!

या वेळी मांडी दाभणानं हाडापर्यंत टोचली. पपई चमचाभरच. दही, आलं, लसूण, हळद, मीठ आतवर चोळलं. पातेल्यावर ओलं फडकं बांधून ठेवलंय. बाकी उद्या.

रविवार, ९

जिंकले!

सकाळीच चढवलं. कांदा-खोबरं भाजून वाटलेलं, पाणी अगदी ओंजळभर. झाकण कणकेनं लिंपलं, वर निखारे. खाली जाळ नाही — गोवऱ्यांची नुसती धग. झाकण उघडायचं नाही, डोकवायचं नाही. माझ्यासारखीला हेच अवघड! पातेल्याला कान लावून बसले होते.

दुपार व्हायच्या आत वास घरभर. आतल्या खोलीतून आबांचा आवाज आला —

"कुनाच्यात शिजतंय गं?"

"आपल्यातच, आबा."

"लय दिसांनी असा वास आला." आणि लगेच, "मला न्हाई चालायचं पोरी. ठावं हाय न्हवं तुला?"

मी खाटेपाशी बसले. इतकी वर्षं जे मनातच घोळवलं ते बोलून टाकलं — "आबा, मला त्रेचाळिसावं लागलं. नातू आता येत नाही. मग माझ्या घरचं तुम्ही कधी खाणार?"

मला धास्ती, पट्टीखाली डोळे भरले तर? डॉक्टरांनी रडायलाही बंदी केलेली!

मग एकदम म्हणाले, "मीठ बगितलंस का?"

"नाही."

"मंग आन हिकडं. मी बगतो."

कणीक फोडली. हाड धरून उचललं तर हाडच हातात आलं! मांस पातेल्यात, लोण्यासारखं पडून. बोटांनी कुस्करून त्यांच्या तोंडात घातलं. त्यांनी जिभेनं टाळूला दाबलं, गिळलं. "मीठ कळंना. आनी एक दे." मग तिसरा घास. चौथा. "हाड हिकडं दे, टाकू नगंस!" वाटी पुसून खाल्ली.

आणि मग म्हणाले, "पानी दे."

मी कळशीकडे वळले. तर म्हणाले, "तितलं नगं. तुज्या माठातलं दे."

हे दारात उभे होते. त्यांनीच माठातून भरून आणलं.

सोमवार, १०

हौशीरामाला आबांचा हुकूम — "म्हातारीला सांग, डबा नगं. लेकीच्या हातचं खातोय."

त्यानं विचारलं, "आबा, भावकीत सांगू का?"

"चावडीवर सांग!"

दिवसभर पाय जमिनीवर नाहीत माझे. पातेलं राखेनं घासून फळीवर पुढंच ठेवलंय.

बुधवार, १२

हौशीराम आज भाजी तेवढी घेऊन आला. जाईना. मग हळूच म्हणाला, "मावशीनी निरोप दिलाय. म्हनाल्या, पोरीला सांग, लय ब्येस झालं. पर मी आता पहाटं उठून करू काय?"

मला आबांची भूक दिसली. इंदुरीला पहाटे चुलीपुढं उठून बसलेली, हात रिकामे झालेली बाई दिसली नाही. तिनंही माझ्या घरचं पाणी अजून घेतलेलं नाही, आणि ती आबांपेक्षा हट्टी. नाही म्हणेल, ठाऊक आहे. तरी हौशीरामाला दोनदा घोकायला लावलं — "आये, हितं ये. चूल माझी, हात तुझा. पाणी हवं तर तिकडच्या इंद्रायणीचं घेऊन ये. पण ये."