टेप धरलेली दोन बोटं

प्रिय भाऊजी,

त्या सकाळी मी दुकानातलं कातरण झाडून कोपऱ्यात लोटलं होतं, इस्त्री तापत ठेवली होती, अस्तराचं कापड आटवायला बादलीत बुडवलं होतं आणि पडद्यामागे चहा टाकून कप पुसत उभी होते, तेवढ्यात तुम्ही आलात आणि तुमच्या मागोमाग सिनेमावाल्यांचा ट्रक आला. (तुम्ही कोट फुकटात शिवून घ्यायला आला होता. विसरलेले नाही, पण आजचा विषय तो नाही.)

बघा, नमस्कार-चमत्कार राहिलेच. तर वहिनीचा आशीर्वाद घ्या, धाकट्या जाऊबाईंनाही सांगा, आणि त्यांचा खोकला व तुमचा गुडघा यांत सध्या कोण पुढे आहे ते कळवा. माझं बरं चाललं आहे. डोळे अजून सुईत दोरा ओवतात, दात मात्र टाचणी धरण्यापुरतेच उरलेत. फोन न करता पत्र लिहिते, कारण फोनवर तुम्ही नुसतं ‘हं, हं’ करता आणि मागे तुमचा टीव्ही ओरडत असतो. मला बोलायचं आहे ते टीव्हीबद्दलच. त्याच्यासमोर कसं बोलणार?

तर तो सिनेमा. त्यांना अख्खी गल्ली एका दमात दिसेल असं लांबरुंद चित्र हवं होतं. नायिका गल्लीच्या मधून चालत जाते आणि वर गाणं वाजतं, एवढंच काम. आपलं दुकान चित्राच्या पार डाव्या टोकाला येत होतं. त्यांचा माणूस सांगून गेला की तुमचं जे चाललंय ते चालू द्या, फक्त कॅमेऱ्याकडे बघू नका. तुम्ही बघितलंत. तुमचे भाऊ मात्र ओठांत टाचण्या धरून तुमच्या बाहीचं माप घेत राहिले. तुम्ही हात पसरून उभे, आणि टेपचं टोक धरून हे तुमच्या मनगटापाशी. मी पडद्यामागून म्हटलं, बाही कुठे जात नाही, आधी पोट मोजा, ते उभ्या उभ्या वाढतंय. तेव्हा यांनी मान वळवली आणि तोंड न उघडता हसले. पुढे आपण सगळ्यांनी थिएटरात जाऊन ते पाहिलंसुद्धा. भिंतीएवढा पडदा आणि त्याच्या अगदी कडेला हे हसताहेत. फोटोत हे कसे यायचे ते तुम्हाला माहीत आहे, चौकीत बसवून काढल्यासारखे. तसले फोटो घरात पुष्कळ आहेत. पण हलणारे, हसणारे हे त्या सिनेमातच आहेत, दुसरीकडे कुठे नाहीत. हे गेल्यापासून मला ते दृश्य एकदा बघायचं होतं. मागणं एवढंच. बाकीचं पत्र म्हणजे या एवढ्याशा मागण्यापायी मला किती दगडांशी बोलावं लागलं त्याची हकिगत आहे.

रविवारी दुपारी सिनेमा लागणार अशी जाहिरात आली तशी मी मुलाला, सुनेला सांगून ठेवलं, शेजारच्या नर्सबाईंना बोलावलं (आता निवृत्त आहेत, पण अजून कोणी शिंकलं की मनगट धरतात), आणि साडी बदलून बसले. हसू नका. थिएटरात जाताना बदलली होती, मग घरी का नको? तेव्हा टीव्ही आमचा जुनाच, चौकोनी डबा. सुरुवातीला नावं आली. नावांखालची माणसं छत्रीच्या काड्यांसारखी बारीक आणि उंच, रस्त्यावरची मोटारसुद्धा कपाटासारखी उभट. म्हटलं, आजारी पडले की काय सगळे. नावं संपली आणि एका क्षणात सगळ्यांची वजनं वाढली. पुढे कळलं की नावं कापता येत नाहीत, वाचणारे तक्रार करतात, म्हणून तेवढ्यापुरतं चित्र दाबून मावेल तसं बसवायचं. नावं संपली की दोन्ही बाजू छाटून मधला तुकडा तेवढा दाखवायचा. म्हणजे माणसांच्या नावांना मान, माणसांना नाही.

त्या सिनेमात नवरा-बायको लांब टेबलाच्या दोन टोकांना बसून भांडतात. टीव्हीवर टेबल एकटंच भांडत होतं. मधे पाण्याचा जग, इकडून एक नाक, तिकडून एक नाक. मग चॅनेलवाल्यांना दया आली असावी, चित्र बायकोकडे सरकलं, तर ती नुकतीच बोलून गप्प झालेली. नवऱ्याकडे सरकेपर्यंत त्याचंही संपलेलं. नर्सबाई म्हणाल्या, ‘‘अगं, हे भांडतायत की लपाछपी खेळतायत?’’

आणि मग गल्ली आली. भाऊजी, तुम्ही दिसलात. हात पसरून, वाळत घातलेल्या शर्टासारखे. तुमच्या मनगटापाशी टेप आणि टेपच्या टोकाला दोन बोटं. त्यापुढे आमच्या टीव्हीची लाकडी पेटी. बोटांच्या मागचा माणूस कापून टाकलेला. (तुमच्या चेहऱ्यावर चॅनेलचं गोल चिन्ह बसलं होतं, तेव्हा तुम्हीही आनंद मानू नका.) नर्सबाईंनी हळूच विचारलं, ‘‘यात तुझे हे कुठेत गं?’’ मी म्हटलं, ती बोटं. त्यांनी नीट वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘बोटं छान आहेत हो.’’ चांगली बाई आहे.

मुलाने फोनवर शोधून दिला सिनेमा. तोही कोणीतरी टीव्हीवरूनच उतरवून घेतलेला, तेवढाच कापलेला, फक्त चिन्ह दुसऱ्या चॅनेलचं. मुलगा म्हणाला, ‘‘आई, सगळेच असं करतात.’’ जणू त्यानं गुन्हा कमी होतो.

तुम्हाला ठाऊक आहे, अर्धवट गोष्ट मला सोसत नाही, आणि त्याला तुमच्या भावांचाच धंदा कारण. मी वाचायला शिकले ती त्यांच्या कागदी नमुन्यांवर. जुनी वर्तमानपत्रं बाहीच्या, पाठीच्या, कॉलरच्या आकारात कापून खिळ्याला टांगलेली असत. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी एखादी बाही काढून अक्षरं लावत बसायची. एक मंत्री राजीनामा देणार होते, ते नेमके बगलेपाशी पोचले आणि तिथे कात्री फिरलेली. एका खुनाचा खुनी मला आजवर कळलेला नाही; त्याचं नाव पाठीच्या तुकड्यावर होतं आणि ते गिऱ्हाईक अंगाने बारीक निघालं. हे हसून म्हणायचे, ‘‘उरलेलं तू मनाने भर की.’’ मला मनाने भरता येत नाही, मी तसं सांगितलं. मग त्यांनी वाचनालयात माझं नाव घातलं. (तुम्ही म्हणाला होता, आता वहिनी काजं करायच्या नाहीत. काजं अजून करते.)

म्हणून मी चॅनेलला फोन केला. एक मुलगी म्हणाली की आपली तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, आणि मला गाण्यावर ठेवून गेली ती गेलीच. गाणं मात्र पूर्ण वाजवलं. मग मी त्यांच्या ऑफिसातच गेले. सगळी इमारत काचेची, दार ढकलायचं की ओढायचं ते कळू नये अशी. आत भिंतीवर टीव्हीच टीव्ही, आणि एकाकडेही कोणी बघत नव्हतं. खुर्चीवरची मुलगी म्हणाली, साहेब मीटिंगमध्ये आहेत. मी म्हटलं, बसते. बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या कपड्यांची शिलाई बघू लागले, मनातल्या मनात नाही, जरा मोठ्याने. कुणाची कॉलर एका बाजूला पडलेली, कुणाच्या विजारीची शिवण पोटरीभोवती फिरलेली. थोड्याच वेळात साहेबांची मीटिंग संपली.

साहेब म्हणजे आपल्या मुलापेक्षा लहान. कोट घातलेला, आणि कोटाच्या बाह्या खांद्यात उलटसुलट बसवलेल्या, त्यामुळे बिचारा सतत कुणाला तरी ढकलायला निघाल्यासारखा दिसायचा. मला म्हणाला, ‘‘आजी, पूर्ण चित्र दाखवलं तर वरखाली काळ्या पट्ट्या येतात. लोकांना टीव्ही भरलेला लागतो.’’ मी विचारलं, मोठ्या पन्ह्याचं कापड टेबलावर मावलं नाही तर दोन्हीकडून कापून टाकायचं का? तो म्हणाला, ‘‘पन्हा म्हणजे?’’ पन्हा म्हणजे कापडाची रुंदी, हे आधी शिकवावं लागलं. मग मी सिनेमाची गोष्ट सांगितली, गल्लीची सांगितली, बोटांची सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘‘पण आजी, कडेला असून असून काय असणार? महत्त्वाचं सगळं मधेच असतं.’’

भाऊजी, मी रागावले नाही. नवरा गेल्यावर लोक काय काय बोलून जातात, त्यात हे अगदीच किरकोळ. मी फक्त म्हटलं, ‘‘तुमच्या बाह्या कडेलाच आहेत, आणि आल्यापासून मला त्याच दिसतायत.’’ त्याने बाह्यांकडे पाहिलं. मग कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि कुणाला तरी फोन लावला. न कापलेला सिनेमा त्यांच्याकडे होता. होता, आणि कपाटात पडून होता. तो दाखवायला त्याची हरकत नव्हती, फक्त कामाच्या दिवशी सकाळी, जेव्हा कोणी टीव्ही बघत नाही तेव्हा. म्हणजे अख्खी वस्तू द्यायची तर घेणारा नसताना द्यायची, असं यांचं धोरण.

मधल्या काळात मुलाने नवा टीव्ही आणला होता, खिडकीएवढा. जुन्या डब्यामुळे बाबा दिसले नाहीत अशी त्याची समजूत. त्या सकाळी त्याने सुट्टी घेतली, सूनही थांबली. सिनेमा सुरू झाला. वर काळी पट्टी, खाली काळी पट्टी, आणि मधे सगळं जागच्या जागी. टेबलाच्या एका टोकाला बायको, दुसऱ्या टोकाला नवरा, दोघांना दोन-दोन डोळे. मला इतकं बरं वाटलं. तेवढ्यात आमचे चिरंजीव उठले आणि म्हणाले, ‘‘थांब, या पट्ट्या घालवतो.’’ बटण दाबलं. पट्ट्या गेल्या, टीव्ही काठोकाठ भरला, आणि टेबल पुन्हा एकटं भांडू लागलं.

मी ओरडले असं सून म्हणते. मला वाटतं मी नुसतं सांगितलं. मुलगा म्हणाला, ‘‘अगं, एवढा मोठा टीव्ही घेतला तो काळं बघायला का?’’ काचेच्या इमारतीत बसलेला दगड परका होता, हा तर मी पोटात वाढवलेला. बरं, परत बटण दाब म्हटलं तर त्याला ते सापडेना. एकदा सगळे बुटके झाले, एकदा सगळे हिरवे, एकदा आवाज गेला. गाणं सुरू झालं होतं. शेवटी सुनेने रिमोट हिसकावला, टीव्हीवर बारीक अक्षरांची एक करडी चौकट आणली, काहीतरी खाली-वर केलं, आणि चित्र सुटलेल्या घडीसारखं दोन्हीकडे उलगडलं.

करडी चौकट बरोबर तुमच्यावर होती. तिच्यातून तुमचं एक मनगट तेवढं बाहेर आलेलं. मनगटापाशी टेप, टेपवर दोन बोटं, आणि बोटांच्या मागे हे. अख्खे. गळ्यात दुसरी टेप, कानावर खडू, ओठांत टाचण्या. यांनी मान वळवली आणि हसले. सून म्हणाली, चौकट घालवू का? मी म्हटलं, राहू दे, भाऊजींना आम्ही पाहिलं आहे.

मुलगा टीव्हीच्या आणखी जवळ सरकून बसला. मग म्हणाला, ‘‘पट्ट्या राहू देत.’’

थांबते. गुडघ्याला शेक देत चला.

तुमची वहिनी

ता. क. वर त्या साहेबाला दगड म्हटलं आहे, ते खोडून वाचा. आठवड्याभराने तो दुकान शोधत आला, कोट घेऊन. त्या सकाळी चॅनेलला पुष्कळ फोन आले म्हणे, टीव्ही बिघडला म्हणून, आणि वरिष्ठांकडून त्याला बोलणी बसली. ते त्याने मला तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. दोन्ही बाह्या उसवून नीट बसवून दिल्या. आता तो कुणाला ढकलायला निघाल्यासारखा दिसत नाही. सिनेमे मात्र कापतोच.

आणखी एक. खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहायला बसले होते. हसून झाल्यावर हे तुमच्या कानाशी वाकतात (चौकट तोवर आपोआप गेली होती) आणि काहीतरी बोलतात. टाचण्यांमधून ओठ हलताना दिसतात, पण वर गाणं आहे, ऐकू येत नाही. थिएटरात माझ्या हे ध्यानात आलं नव्हतं, मी तेव्हा दुकानातला पडदा बघत होते, त्याच्यामागे मी होते म्हणून. आणि नंतर हे घरातच होते, कधीही विचारता आलं असतं. त्या वेळी ते काय म्हणाले, ते तुम्ही सोडून कोणी ऐकलेलं नाही. माझ्याबद्दल असेल, पोटाबद्दल असेल, नुसतं ‘हात सरळ धर’ असेल, जे असेल ते लिहा. आठवत नसेल तर तसं लिहा. मनाने भरू नका.

हे सगळं काल लिहिलं. आज सकाळी दुकान उघडलं, कातरण झाडलं, इस्त्री तापत ठेवली, आणि ती तापेपर्यंत पत्र टाकून येते.