सायलीच्या खोलीतली शेगडी

नाशिक

प्रिय आई,

लांबूनच तुझ्या पाया पडते. माझी आरोही आणि तिचं बाळ आता बरी आहेत, हे आधी वाच.

काल फोनवर "दादाच्या सायलीच्या खोलीत शेगडी ठेवू नकोस" म्हटलं, तर "नाशिकला जाऊन लय शहाणी झालीस" म्हणून तू फोन ठेवलास. तू घाबरशील म्हणून कारण सांगितलं नव्हतं. पुंजामामा देवळ्याला निघालेत, त्यांच्याकडे ही चिठ्ठी देते.

सोमवारी आरोहीला शेक द्यायला बाजेखाली शेगडी ठेवली. आपल्या रीतीप्रमाणे कोळसा बाहेर फुलवला, धूर संपल्यावरच आत आणला. बाळंतिणीला वारं लागू नये म्हणून खिडक्या लावल्या, दाराखाली जुनी साडी कोंबली.

आरोही म्हणाली, "मम्मी, डोकं जड झालंय."

"जागरण आहे, झोप," मी म्हटलं. ती झोपली, बाळही झोपलं. मला बरं वाटलं, आई. मग उठायला गेले तर पायच उचलेनात. कसंबसं दार उघडून ओरडले.

शेजाऱ्यांनी तिघांनाही दवाखान्यात नेलं. तिथे कळलं, धूर नसला तरी निखाऱ्यातून विषारी वायू येतो. त्याला वासही नसतो. जुन्या घरात तो कौलांमधून निघून जायचा. तुमची नवी खोली स्लॅबची आहे.

सायलीचा ताप उतरला का? तिला शेक दे, पण कापड ओट्यावर तापवून आत ने. शेगडी बाहेरच राहू दे.

इथे खिडक्या उघड्या असतात, आरोही थंडीनं कुरकुरते. बाळ गाढ झोपलं की मी त्याच्या नाकाशी बोट धरून बसते.

माझ्यावर रागाव, पण एवढं ऐक.

तुझीच,
रंजना