डाव्या हाताचा कॅरम

प्रिय ताई,

आणि वर मलाच विचारतेस, फोन का आपटलास म्हणून! नाही तर काय करू? घरातला कॅरम कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला बाराशेला द्यायचं ठरवलंस, आणि मला सांगितलंस कधी, तर बोलणं संपता संपता, भाजी आणली असं सांगावं तसं. तुझं म्हणणं मला कळतं. बाबांची खाट, ती चालायची चौकट, आईचं शिलाई मशीन, एका खोलीत माणसांनी उभं राहायचं कुठे? शिवाय बाबा भिंतीला टेकवलेल्या बोर्डाकडे बघतात आणि तोंड फिरवतात, हेही तूच सांगितलंस. उजवं अंग गेल्यापासून चार महिन्यांत त्यांनी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंना दोनदा हाकललं. चमचासुद्धा धरत नाहीत, आई भरवते. सगळं खरं. तरी कॅरम द्यायचा नाही. फोनवर भांडणात तूच जिंकतेस, तुझी जीभ म्हणजे कात्री. म्हणून कागद घेतला. इथे मधे बोलायची सोय नाही, वाच मुकाट्याने.

तो बोर्ड काय दुकानातून आलाय का? कुणा गिऱ्हाइकाच्या कपाटातून उरलेल्या प्लायवूडचा बाबांनी केला. चारातलं एक भोक मोठं पडलं, आणि आईला आयुष्यभराचा विषय मिळाला. 'सुतार म्हणवता आणि भोक धड पाडता येत नाही, लोकांची दारं कशी बसवता हो?' बाबा म्हणायचे, ते भोक मुद्दाम मोठं ठेवलंय, रडणाऱ्यांसाठी. मग जो आधीचा डाव हरेल त्याने त्या भोकासमोर बसायचं, असं ठरलं. मी तिथे इतका बसलो की तिथली फरशी माझ्यामुळेच झिजली असणार. पावडर संपली की आई आपली अंगाला लावायची पावडर ओतायची, आणि बाबा कामावर गेले तरी त्यांच्या बोटांना तोच वास. रंधा मारताना मिस्त्री मोगऱ्यासारखा दरवळतोय म्हणून लोक हसायचे.

मला सगळे भिंगरी म्हणायचे ते उगाच नाही. शाळेत चौथीपर्यंत कसाबसा बसलो, तोही दाराकडे तोंड करून. बसायचो ते फक्त त्या बोर्डापुढे. हे तू ओळखलंस. डाव संपला की सांडलेल्या पावडरीत तू बोटाने अक्षरं काढायचीस, डाव्या हाताने, आणि मी ती गिरवायचो. हे पत्र बघ, माझंही अक्षर तुझ्यासारखंच मागे कलतं. आमचा मुकादम म्हणतो, तुझी अक्षरं खुर्चीत रेलून बसल्यासारखी दिसतात. पण वाचता येतात ना? मग झालं. हजेरी आता मीच लिहितो, एवढ्या गोदामात.

हो, गोदाम. हे माझं तिसरं काम, हसू नकोस, इथे सात महिने टिकलोय. टायर चढवायचे, टायर उतरवायचे. जेवणाच्या सुट्टीत पोरं कॅरम मांडतात. पहिल्याच दिवशी मी ऐटीत बसलो आणि डावी बाही सरसावली. समोर माझ्या खोलीतला वेल्डर. म्हणाला, 'डावखुरा दिसतोस.' मी म्हटलं, नाही. 'मग?' मग काय, कॅरम नीट खेळणारे डाव्यानेच खेळतात. अगं, सगळे इतके हसले की मुकादम धावत आला, त्याला वाटलं कुणावर टायर पडला. पण मी हटतोय होय? आमच्या गल्लीतली पोरंही उजव्याने खेळायची, आणि बाबा सांगायचे, ते शिकाऊ आहेत, उजव्याने कुणालाही येतं. मी तेच ठासून सांगितलं. वेल्डर बिचारा खरंच एकेकाला विचारत सुटला. बावीस माणसं, बावीसच्या बावीस उजवी. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, 'लेका, हा नियम नाही. हा तुमच्या घरात कुणाचा तरी हट्ट आहे.'

परवा तुझा फोन आपटल्यावर मी आईला लावला, तू दुकानात असताना. तिला माझ्या बाजूला ओढायचं होतं. आधी हसवावं म्हणून ही वेल्डरची गोष्ट सांगितली. आई हसलीच नाही. तिने मशीन थांबवलं आणि इतकी वर्षं लपवलेलं सगळं सांगून टाकलं.

तुझ्या उजव्या हाताची ती दोन बोटं पंपाच्या पट्ट्यात सापडली, असंच मी लहानपणापासून ऐकत आलो. पंप नव्हता ना ताई? दार होतं. मी चार वर्षांचा, तू नऊची. तू मला डावात घेतलं नाहीस म्हणून मी रागाने दार ढकललं, आणि तुझा हात बिजागरीच्या फटीत होता. बाबांनीच बसवलेलं दार. पट्टी सुटली त्या दिवशी तू हौसेने स्ट्रायकर लावलास आणि बोट वाकेचना. आई सांगते, बाबांनी तो उचलून आपल्या डाव्या हातात घेतला. म्हणाले, 'आजपासून या घरात डाव्यानेच.' आणि मारला तो थेट खाटेखाली. तीन महिने कुणाची सोंगटी भोकात गेली नाही म्हणे.

सोळा वर्षं तुम्ही तिघांनी तो पंप सांभाळलात. भांडणात तू मला काय नाही बोललीस, पळपुटा, ऐतखाऊ, पण ते दार एकदाही मधे आणलं नाहीस. माफी मागायला बसलो होतो, पण ती मला जमत नाही, आणि तू ती घेणारही नाहीस. म्हणून एवढंच सांगतो, तुमचे उपकार मला कळले, उशिरा का होईना. आता माझं ऐक. बाबा उजवा हात गेला म्हणून बसलेत. सोळा वर्षं घोटलेला डावा हात त्यांच्याजवळ आहे, हे त्या व्यायामवाल्या बाईंना कुठून कळणार? तुला कळेल. बोर्ड खाटेवर मांड, त्यांच्या पुढ्यात, आणि काही बोलू नकोस. मोठ्या भोकासमोर तूच बस, त्यांना बसवलंस तर ओळखतील. आणि मुद्दाम हरू नकोस. त्यांनी तुला कधी मुद्दाम जिंकू दिलं नाही, फक्त सगळ्यांचा हात एक केला. राणी त्यांनी घेतली तर कव्हर माग, सोडू नकोस. सलूनवाल्याला सांग, बोर्ड गेला. मी घेतला.

तुझाच,
भिंगरी

त्याचे बाराशे, तेवढेच माझे. पावडरचे वेगळे पन्नास, आईच्या डब्याला हात लावायचा नाही. मिळून पाठवतोय बाराशे पन्नास.