माग थांबला की

प्रिय तेजस्वी,

काल फोनवर तू मला रागावलीस. आई, विषय काढला की तू टाळतेस, म्हणालीस. आणि मी नेहमीसारखं ‘माग चालू आहेत गं, मागनं बोलू’ म्हणून फोन ठेवला. टाळत नव्हते. म्हणजे टाळतही असेन, माझं मलाच हल्ली कळेनासं झालंय. पण तुझ्याशी नीट बोलायचं तर दोन्ही माग बंद करावे लागतात, आणि तेवढं एक सध्या माझ्याच्यानं होत नाही. का होत नाही ते फोनवर ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. तू धारवाडला हॉस्टेलवर होतीस तेव्हा लिहायचे, त्यानंतर पत्र असं आजच लिहितेय. अक्षराला हसू नकोस.

आधी धोट्याचं सांगते, कारण तू आईच्या आधी कुत्र्याचीच चौकशी करतेस. ऑपरेशनला पाच आठवडे झाले. टाके निघाले, जखम वाळली, कापलेली लव परत यायला लागलीय. पाय टेकतो, पण अजून भार देत नाही, नव्या सुनेसारखा बिचकत टेकतो. खाणं कमी केलंय, डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय की वजन उतरलं पाहिजे. त्यामुळे माझ्यावर रुसलाय आणि शेजारची सोनाबाई भिंतीवरून चोरून भाकरी टाकते तिच्यावर जीव लावून बसलाय.

आता एक कबुली. तुला मी सांगितलं होतं की मांजरामागं पळताना त्याचा पाय मुरगळला. मला तेव्हा खरंच तसं वाटलं होतं. दुपारी करंट गेला, दोन्ही माग एकदम गप्प झाले, आणि कोपऱ्यात झोपलेला हा अडतीस किलोचा गडी ताडकन उठून दाराकडे सुटला. फरशीवर मागचा उजवा पाय घसरला आणि असा केकाटला की मी सुताच्या कांड्यांची टोपली टाकून धावले. दारात मांजर होतं, मी म्हटलं ह्याच्यामागंच पळाला असणार. आता वाटतं, मांजर तर आपल्या दारात रोजच असतं गं.

त्यात सोनाबाईचं ऐकून मी आठ दिवस हळद लावून शेकत बसले. मोठ्या पंडिता आम्ही दोघी. तो तीन पायांवर लंगडायचा, चौथ्याची फक्त बोटं टेकवायचा. शेवटी ज्योतिबानं, म्हणजे तुझ्या ज्योतिबा काकानं, मागावरचं काम सोडून टेम्पो आणला आणि आम्ही त्याला टिळकवाडीत डॉक्टर मनिषांकडे नेलं. त्यांनी गुडघा धरून नडगी जरा पुढं ढकलली, तर ती सरकली. मला दाखवलं, हे बघा, असं सरकायला नको. आतला लिगामेंट तुटलाय. लहान कुत्रं असतं तर विश्रांतीवर भागलं असतं, ह्याच्या वजनाला नाही. हाड कापून, फिरवून, प्लेट बसवावी लागेल. चालायचा पाय नीट करायला चांगलं हाड कापायचं, हे माझ्या डोक्यात शिरेना. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्या न कंटाळता बोलल्या, तिन्ही वेळा मी मान हलवली, आणि न समजताच सही केली. तुझ्या आप्पांच्या वेळीही मी अशीच सही केली होती. पेन हातात घेताना तेच आठवत होतं. खरं सांगते, मी लई भ्याले होते.

ऑपरेशन चांगलं झालं. पण घरी पाठवताना त्यांनी बजावलं, तीन महिने उडी नाही, पळणं नाही, पायरी नाही. लघवीलासुद्धा पट्टा बांधून, पोटाखालून कापडाचा झोका धरून न्यायचं. प्लेट हलली तर परत पाय उघडावा लागेल, आणि अशा कुत्र्यांचा दुसरा गुडघाही पुष्कळदा जातो. पूर्ण विश्रांती, म्हणाल्या. आता विश्रांती म्हटल्यावर तुझ्या आईला काय कळणार? शांतता. मी ज्योतिबाला आठ दिवस सुट्टी दिली आणि दोन्ही माग बंद करून टाकले.

आपल्या वडगावात दिवसाढवळ्या माग बंद म्हणजे एक तर अमावास्येची सुट्टी, नाहीतर सुतक. पहिल्याच दिवशी चौघीजणी तोंड बारीक करून आल्या. सोनाबाई तर चहा नको म्हणाली, सुतकाच्या घरात कसा घ्यायचा! कोण गेलं म्हणून हळूच विचारलं. मी म्हटलं, कुणी गेलं नाही, कुत्र्याला झोप लागावी म्हणून बंद ठेवलेत. तिनं माझ्याकडे जे बघितलं ना, ते बघणं मी जन्मात विसरणार नाही.

आणि धोट्या काही झोपेना. निजवला की उठायचा, दाराकडे ओढ घ्यायचा. परत निजवला की परत उठायचा. मी आप्पांची बाज आडवी करून कुंपण केलं होतं, तिसऱ्या दिवशी ते ओलांडून पलीकडे पडला, आणि पडला तो त्याच पायावर. गुडघा टम्म सुजला. परत टेम्पो, परत एक्स-रे. प्लेट जागेवर होती, देवाची कृपा. पण अशी अजून एक उडी झाली तर मी काही सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाल्या. मी तिथंच बाकड्यावर बसून रडले. एवढं जपतेय, सगळं बंद करून उशाशी बसलेय, तरी ह्याला स्वस्थता का नाही? माझं कुठं चुकतंय तेच समजेना.

घरी आल्यावर धोट्या परत दाराकडे ओढ घ्यायला लागला, ते ज्योतिबा बघत होता. मग म्हणाला, “वैनी, माग थांबला की आप्पा उठत्यात, येवढंच त्येला ठावं हाय. त्येला गप्प घर नगं, माग पायजे.” आणि त्यानं जाऊन बटण दाबलं. खटाखट सुरू झालं. धोट्यानं कान हलवले, पुढच्या पायांवर हनुवटी टेकली आणि दहा मिनिटांत घोरायला लागला.

मी इतकी वर्षं त्याच घरात राहते, माझ्या ध्यानात कसं आलं नाही? मच्छे गावच्या कारखान्याच्या गेटाबाहेरून आप्पांनी त्याला पिशवीतून आणला तेव्हा मुठीएवढा होता, मागातल्या धोट्यासारखा या दारातून त्या दारात पळायचा म्हणून तूच त्याचं नाव धोट्या ठेवलंस. तेव्हापासून तो त्यांच्या मागाखालीच वाढला. संध्याकाळी साडेपाचला माग थांबायचा, आप्पा कंबर धरून उठायचे, आणि हा त्यांच्या आधी दारात. अमावास्येला तर सकाळपासून दारातच बसून असायचा. आप्पांना जाऊन चौदा महिने झाले. चौदा महिने हा रोज दारात जाऊन उभा राहत होता आणि मी समजत होते, ह्याला बाहेर जायचंय.

म्हणून आता दोनांपैकी एक माग तरी चालूच ठेवतो. एकाचा धागा तुटला तर तो सांधेपर्यंत दुसरा थांबू द्यायचा नाही, असं मी आणि ज्योतिबानं ठरवलंय. करंट गेला तर? त्यावर ज्योतिबानं तोड काढलीय, मागाचा आवाज मोबाइलमध्ये भरून ठेवलाय. करंट गेला की तो लावायचा आणि पट्टा धरून बसायचं. थोडा वेळ फसतो, मग मान वर करून माझ्याकडे बघतो. साडेपाचला मात्र माग थांबवते आणि झोक्यात धरून फाटकापर्यंत नेते. तो झोका कशाचा केलाय सांगू? आप्पांची मागावर निम्मी राहिलेली साडी, तोडून पेटीत ठेवली होती ना, तिचा. रागावू नकोस. दुसरं इतकं मऊ आणि इतकं मजबूत घरात काही नव्हतं. फाटकाशी तो रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघतो, मग आपणच वळतो. त्यानंतर रात्रभर तक्रार नाही.

आता तुझा विषय. सोमवारी निपाणीचा माणूस माग बघायला येणार, पसंत पडले तर उचलून नेणार, आणि मी धोट्याला घेऊन बेंगळुरूला तुझ्याकडे यायचं. मी व्हय म्हणाले होते, मला आठवतंय. तू चांगल्यासाठीच सांगतेस, तेही कळतं. तुझ्याकडे लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे, गुडघे तर माझेही दुखतात. आणि तू म्हणशील, आई, माग नसतीलच तर थांबायचेही नाहीत, महिन्याभरात कुत्रं विसरेल. विसरेल गं. त्याच्या पायासाठी ते बरंही असेल. पण तेच मला नको आहे की काय, हे मला ठरवता येईना. मी कुत्र्याचं नाव पुढं करतेय, असं तुला वाटेल. मलाही तसंच वाटतं.

एक गोष्ट मी ज्योतिबालासुद्धा सांगितली नाही. ज्या दिवशी मी दोन्ही माग बंद केले, त्या दुपारी धोट्या उठून दाराकडे ओढ घेत होता आणि मी आतून त्याच्यावर ओरडत होते, वेड्या, कुणी येणार नाही, झोप. ओरडता ओरडता खाली बघितलं, तर गॅसवर चहाचं आधण होतं. मीच ठेवलं होतं, माग थांबल्या थांबल्या, आणि दोन कपांचं, माझ्या नि आप्पांच्या. तेव्हा त्या निपाणीच्या माणसाला सोमवारी येऊ नको म्हणून सांग. तूच ये, जमेल तेव्हा. माग चालूच असतील, तू आलीस की थांबवीन, आणि आधण तीन कपांचं ठेवीन.

तुझीच, खटाखटीत बसून लिहिणारी,
आई