पुलावर बुजवलेली फट

तीर्थरूप बाबांना धाकट्याचा नमस्कार.

मी खुशाल आहे. पुलाचे खांब नदीत असले तरी माझं काम वर रस्त्यावर असतं. दोन्ही बाजूंना छातीएवढे कठडे आहेत, हे आईला नक्की सांगा.

एक गोष्ट दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच लिहितो. पुलाचा रस्ता सलग नसतो. दोन तुकड्यांमध्ये बोटभर फट असते. परवा मला ती दिसली आणि तुमच्या शिकवणीप्रमाणे मी ती सिमेंटने बुजवून, घोटून गुळगुळीत केली. कुणी सांगितलं नव्हतं.

काल सकाळी मुकादमांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे शहाण्या, उन्हाने पूल फुगतो. त्याला हलायला जागा नको? ही काय तुझ्या घराची भिंत आहे?"

सगळं छिन्नीने फोडून काढलं. आता घरी पाठवतात की काय, अशी दिवसभर धास्ती होती. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "गवंडीकाम कुणी शिकवलं तुला?" तुम्हाला बोल लागू नये म्हणून मी गप्प राहिलो.

"सांग की! दोन छिन्न्या बोथट झाल्या, तेव्हा कुठे तुझं सिमेंट निघालं. असा हात मला पदपथाच्या कामाला हवाय."

मग मात्र मी सांगितलं, "माझ्या वडिलांनी."

तुमचा गुडघा कसा आहे? शिडीवर चढू नका.

आईला आणि ताईला आठवण सांगा.

तुमचा,
धाकटा