बँडमास्तर आणि आमचा दादा

मुलुंड,
५ ऑक्टोबर १९८६

ती. सौ. सुगंधाताईस,
चंद्रप्रकाशचा सा. न. वि. वि.

गणपतीत सहदेवदादा गावी का आला नाही, असं तू विचारलंस. रजा नव्हती असं मी लिहिलं, ते खोटं होतं. रजा होती, तो गेला नाही. मार्चमध्ये कारखान्यात क्रेनची साखळी तुटून त्याचे सोबती मार्तंडराव गेले, तेव्हापासून तो आपला दादा राहिलेला नाही. पूर्वी नकला करून चाळ हसवायचा. आता शेजारच्या मुली हसल्या तरी दार आपटतो. मार्तंडरावांसारखा कॉलरमागे रुमाल खोचतो, त्यांच्यासारखाच चहा बशीत ओतून पितो. दर रविवारी वाकोल्याला त्यांच्या घरी जातो, मला नेत नाही. परवा मशीनसमोर नुसताच उभा राहिला, म्हणून साहेबांनी ताकीद दिली. पुन्हा असं झालं तर काढून टाकतील.

मी एक सिनेमा दोनदा पाहिला. त्यातल्या हसऱ्या बँडमास्तरची बस चुकते, ती घाटात कोसळते आणि त्याची सगळी माणसं जातात. मग तो सगळ्यांवर खेकसतो, मेलेल्या ट्रंपेटवाल्याची टोपी घालून फिरतो. वाचनालयातून मनावरचं एक पुस्तक आणलं. दहावी नापासाला कळेल तेवढं कळलं. आपणच वाचलो याचा राग माणसाला स्वतःवर येतो, तो सोसवत नाही म्हणून दुसऱ्यांवर निघतो. गेलेल्याला सोडवत नाही म्हणून त्याच्या सवयी अंगी येतात. सगळं जुळतं, पण एक कोडं राहतं. मार्तंडराव नुसते सोबती होते, मग दादा एवढा का खचला?

सिनेमाच्या शेवटी डॉक्टर बँडमास्तरला घाटात नेऊन सगळं आठवायला लावतात, तो रडतो आणि बरा होतो. शनिवारी दुपारी चाळीत नवरात्रानिमित्त व्हिडिओवर सिनेमे दाखवणार आहेत. यादी मीच लिहितो, त्यात हा सिनेमा घातलाय. दादाला पुढे बसवीन. बरोबर करतोय ना? ताबडतोब कळव.

भावोजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
चंद्रप्रकाश


कुडाळ,
९ ऑक्टोबर १९८६

चि. चंद्रप्रकाश यास सुगंधाताईचे अनेक आशीर्वाद.

अरे शहाण्या, तो सिनेमा दाखवू नकोस! दादाने मला शपथ घातली होती, ती आज मोडते. तुझ्या गणिताच्या पेपरचा दिवस आठव. तू घाबरून दादाचा हात सोडेनास. दादाची त्या दिवशी सकाळपाळी होती. तुला शाळेत पोचवायचं म्हणून त्याने पाळी बदलून घेतली. त्याच्या जागी मार्तंडराव उभे राहिले.

तुला हे कधी कळू नये म्हणून तो तुला वाकोल्याला नेत नाही. तू स्वतःला बोल लावू नकोस. आधीच एकजण लावतोय, तेवढं पुरे. पुस्तकं मिटून ठेव आणि त्याच्याशी बोल.

जेवत जा रे वेळेवर. माझा जीव तुम्हा दोघांत अडकलाय, हे विसरू नका.

तुझी,
ताई


मुलुंड,
२० ऑक्टोबर १९८६

ती. सौ. ताईस,
चंद्रप्रकाशचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र सोमवारी आलं. सिनेमा शनिवारीच झाला होता. बस चुकते तिथेच दादा उठला, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेला. दसऱ्याला सोनंसुद्धा दिलं नाही. अगदी जवळचं माणसाला दिसत नाही, ही पुस्तकातली ओळ मी दादासाठी पेन्सिलीने अधोरेखित केली होती. ती खोडली आणि पुस्तक परत केलं.

मग दादाला म्हणालो, या रविवारी मीही वाकोल्याला येणार. तो काय ते समजला. म्हणाला, सुगंधेच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ. कामाचं अजून सांगता येत नाही. साहेबांची नजर आहेच.

काल गेलो. मार्तंडरावांच्या पत्नी राधावहिनींनी चहा दिला. रागावल्या नाहीत, फक्त विचारलं, पेपरचं काय झालं? मी म्हणालो, नापास झालो, गणितातच. मी चहा बशीत ओतला. मला तशी सवय नाही ताई, ठाऊक आहे तुला. कसा ओतला, कळलंच नाही. तोंडाला लावणार, इतक्यात दादाने बशी माझ्या हातातून काढून घेतली, थेंब न सांडता चहा परत कपात ओतला आणि म्हणाला, तू कपानेच पी.

पत्र पाठव. आम्हा दोघांवरचा लोभ कमी करू नकोस.

तुझा,
चंद्रप्रकाश