लिंबाखालची आरसेवाली

मी धुरपताबाई भ्र. बन्सीधर बुधवंत, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार मौजे पिंपळदरा, तालुका जिंतूर, हे मृत्युपत्र अक्कलहुशारीने, राजीखुशीने, स्वतःच्या हाताने लिहिते. कानाला कमी ऐकू येतं, डोकं जाग्यावर आहे. सुनेने उलटं सांगितलं तर ते खोटं धरावं.

राहतं घर आणि कापसाचं वरचं रान मुलगा माऊली याला. शिलाई मशीन नात सृष्टीला; तिच्या आईने त्यावर गाद्या रचू नयेत.

विहिरीजवळची पट्टी, लिंबाच्या झाडासह, मुलगी राजेश्री हिला. माऊली तक्रार करील. त्याने कारण वाचावं.

त्या लिंबाखाली शेंदराची देवी आहे. मी लग्न होऊन आले त्या साली शेंदराचं कवच आपोआप गळून पडलं. पाण्याला मी एकटीच गेले होते. आत देवी नव्हतीच. जुन्या देवळांच्या भिंतींवर कोरतात तशी पोरगी होती. एक पाय मुडपलेला, हातात आरसा, स्वतःलाच बघून हसत होती. संध्याकाळी सासऱ्यांनी पुन्हा शेंदूर थापला. तेव्हापासून ती माझ्या स्वप्नात येते. विहिरीच्या काठावर बसते, पाण्यात पाय सोडते, केस मोकळे करते. मीही शेजारी बसते. उजाडेपर्यंत आम्हाला कुणी हाक मारत नाही.

कीर्तनात राजकन्या लय ऐकल्या. रूप असं, की राजे कटून मेले. कुणी पळवली, कुणी जिंकून नेली. तिला स्वतःला काय वाटलं, ते एकाही बुवाने सांगितलं नाही.

माझ्या राजेश्रीला पाहायला आलेल्यांनी चालवून बघितलं, केस सोडायला लावले आणि पोहे खाऊन निघून गेले. दीर बालाजी तेव्हा म्हणाले, "वैनी, पोरगी काळी हाय. कोण करायलाय?" त्यांना माझ्या दहाव्याला बोलवावं, पण पुढे बसवू नये. राजेश्री अंगणवाडीत शिकवते आणि भावाच्या संसारात कोपऱ्यात राहते. माझ्यामागे तिला कुणाची मेहरबानी नको. पट्टीवर दोन खोल्या बांधाव्यात.

दहावं झालं की राजेश्रीने तेल लावून शेंदूर उतरवावा. पुन्हा कुणी थापू नये. मूर्ती माझी नाही, म्हणून ती कुणाला देत नाही. जुन्या मूर्तींच्या चौकशीला मोटारीतून येणाऱ्यांना विकू नये. ती कुणाच्याच वाट्याला नाही.

इथवर वाचून शेजारच्या कुसुमबाई म्हणाल्या, "काकू, देवीचा कोप व्हईल." म्हटलं, "देवी न्हाई कुसुम, पोरगी हाय. बघू दे तिला आरशात तोंड."

राजेश्री चहा घेऊन आली होती. ती हळूच म्हणाली, "आई, शेंदूर काढला अन् कुणाला आवडलीच न्हाई तर?"

तिला तोंडी सांगितलं, इथेही लिहिते. काळीभोर आहे गं ती. काळ्या दगडाची. मी पाहिलीय.

सही : धुरपताबाई बन्सीधर बुधवंत
आमच्यासमोर सही केली : कुसुमबाई (शेजारीण), सिताराम (गावचे पोस्टमन)
पिंपळदरा, दि. ९ मार्च २०२५